अंतराची कसोटी

कोणती जादू सर्वांत मोठी, हा प्रश्न अद्भुतकथा वाचणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतो. एक नायक डोंगर हलवतो, दुसरा परक्याच्या मनातलं ओळखतो, तिसरा काळाला वेसण घालतो. या तिघांची गाठ पडली तर कोण जिंकेल, यावर वाचक तासन्‌तास वाद घालतात. वाद रंगतो, पण निकाल लागत नाही, कारण मोजायचं कशाने हेच ठरलेलं नसतं. मोजमाप बदललं की निकाल बदलतो, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. चांगदेव वाघावर बसून भेटीला आले आणि ज्ञानेश्वर भावंडांसह बसल्या भिंतीवरून त्यांना सामोरे गेले, ही दंतकथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ताकद मोजली तर वाघ भिंतीपेक्षा केव्हाही भारी. पण कथेने वेगळंच मोजलं. सजीवाला धाकात ठेवता येतं, निर्जीवाला धाक दाखवून उपयोग नाही. म्हणून भिंत चालवणारा श्रेष्ठ ठरला. या प्रकरणात मला काल्पनिक विश्वांमधल्या शक्तींना अशीच एक वेगळी कसोटी लावायची आहे. ती कसोटी म्हणजे अंतर. एखादी जादू तिच्या भूमीतून उचलून दोन ताऱ्यांमधल्या पोकळीत नेली तर तिचं काय होईल? माझं म्हणणं असं आहे की अंतर वाढत गेलं की शक्तींची क्रमवारी उलटी होते. रणांगणावर अजिंक्य असलेली शक्ती ग्रह सोडताच लुळी पडते, आणि किरकोळ वाटणारी शक्ती सगळ्या व्यापाराच्या आणि सत्तेच्या केंद्रस्थानी येते.

अंतराइतकी निष्ठुर कसोटी दुसरी नाही, हे आकड्यांवरून लगेच पटतं. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो, तरी सूर्यानंतर आपल्याला सर्वांत जवळ असलेल्या प्रॉक्झिमा सेंटॉरी या ताऱ्यापर्यंत पोचायला त्याला ४.२ वर्षं लागतात. १९७७ साली निघालेलं व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने सूर्यमालेपासून दूर चाललं आहे. त्याच वेगाने तेवढं अंतर कापायचं तर सुमारे ७४ हजार वर्षं लागतील. बरं, प्रश्न एकट्या लांबीचा नाही. जमिनीवर असताना जी मदत आपल्या लक्षातही येत नाही, ती सगळी अवकाशात नाहीशी होते. पाय रोवायला जमीन नाही, धरून राहायला हवा नाही, आणि जिथून बळ मिळतं तो उगम दर दिवशी मागे पडत जातो. म्हणून अवकाशात निघालेल्या जादूला तीन प्रश्नांची उत्तरं द्यावीच लागतात. ती कशाचा आधार घेऊन चालते? तिचं बळ कुठून येतं आणि ते सोबत नेता येतं का? आणि ती एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते का? किल्ल्याच्या तटावर झुंजणाऱ्या जादूगाराला यातला एकही प्रश्न कुणी विचारत नाही.

केप्लर आणि त्यांची भुतं

हे प्रश्न फार आधी विचारणारा माणूस कथाकार कमी आणि खगोलशास्त्रज्ञ जास्त होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ग्रहांच्या लंबवर्तुळाकार कक्षा शोधून काढणारे योहानेस केप्लर यांनी ‘सोम्नियम’ नावाची एक स्वप्नकथा लिहिली. ती त्यांच्या मृत्यूनंतर, १६३४ साली प्रसिद्ध झाली. कथेतला तरुण आइसलँडचा आहे. त्याची आई जडीबुटी जाणणारी आणि भुतांशी संधान असलेली. ती एका भुताला बोलावते आणि ते भूत चंद्राची हकिगत सांगतं. ही भुतं माणसांना चंद्रावर नेऊ शकतात, पण केव्हाही नाही. त्यांना उजेड सोसत नाही, म्हणून ग्रहणाच्या वेळी पृथ्वी आणि चंद्र यांना जोडणाऱ्या सावलीतूनच प्रवास करायचा, आणि तो चार तासांच्या आत पुरा करायचा. इथवर सगळा मामला जादूचा आहे. पण पुढे केप्लर यांच्यातला शास्त्रज्ञ जागा होतो. निघतानाचा हिसका तोफेतून उडवल्यासारखा असेल, म्हणून प्रवाशाला आधी गुंगीचं औषध द्यायचं आणि हिसक्याचा जोर सगळ्या अंगावर विभागला जाईल अशा बेताने त्याचे हातपाय ठेवायचे. वर हवा नाही आणि थंडी भयंकर, म्हणून नाकाशी ओले स्पंज धरायचे. बरंच अंतर गेल्यावर ओढ इतकी कमी होते की शरीर आपोआप पुढे जात राहतं. अंगाने जड असलेल्यांना तर न्यायचंच नाही.

भूत खोटं, पण हिसका खरा. केप्लर यांनी प्रवासाचं साधन जादूचं घेतलं आणि प्रवासातल्या अडचणी मात्र खऱ्या ठेवल्या. न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ प्रसिद्ध व्हायला तेव्हा अजून ५३ वर्षं होती. भुताच्या खांद्यावर बसलेल्या माणसाला श्वास कसा घेता येईल, हा प्रश्न त्या काळातल्या दुसऱ्या कुठल्या जादूच्या गोष्टीला पडला नसता; तो पडला, कारण इथे जादूला पृथ्वी सोडायची होती. या कथेची किंमतही केप्लर यांना मोजावी लागली असावी. त्यांच्या आईवर, कॅथरिना केप्लर यांच्यावर, १६१५ पासून चेटकीण असल्याचे आरोप झाले, पुढे त्यांना तुरुंगात राहावं लागलं आणि १६२१ साली त्यांची सुटका झाली. हस्तलिखितातल्या जडीबुटीवाल्या आईमुळे संशयाला खतपाणी मिळालं असावं, अशी खंत केप्लर यांना होती. नंतरच्या काळात त्यांनी कथेला दोनशेहून अधिक टिपा जोडल्या आणि प्रत्येक कल्पनेमागची कारणं उलगडून सांगितली.

दोन शतकांनी हाच धागा ज्यूल व्हर्न आणि एच. जी. वेल्स यांच्या हातात आला. व्हर्न यांनी १८६५ च्या कादंबरीत फ्लोरिडामध्ये ९०० फूट लांबीची तोफ गाडली आणि माणसं बसवलेला गोळा चंद्राकडे डागला. वेल्स यांनी १९०१ साली गुरुत्वाकर्षण अडवणारा ‘कॅव्होराइट’ हा पदार्थ कल्पिला; त्याच्या पडद्या उघडून आणि मिटून गोलाकार यान हवं तिकडे नेता येतं. आपण भौतिकशास्त्र वापरतो आणि वेल्स मात्र मनाने वस्तू शोधून काढतात, अशी तक्रार व्हर्न यांनी केली होती. पण हिशेब केला तर दिसतं ते असं: तेवढ्या लांबीच्या नळीत सेकंदाला ११ किलोमीटरचा वेग गाठायचा, तर प्रवाशांवर पृथ्वीच्या गुरुत्वाच्या वीस हजार पटींहून अधिक जोर येईल. म्हणजे व्हर्न यांचं खरं साधन प्रवाशांना जागीच ठार करतं. वेल्स यांच्या खोट्या पदार्थाने हा धोका टाळला, पण तिथेही एक हिशेब अपुरा राहिला. गुरुत्वाच्या ओढीतून बाहेर पडायला लागणारी ऊर्जा कुणी ना कुणी पुरवायलाच हवी. पडदी लावून ती माफ होत नाही. दोघांच्या उदाहरणातून एकच गोष्ट सिद्ध होते. साधन खरं आहे की कल्पित, यापेक्षा त्याचा जमाखर्च शेवटपर्यंत मांडला आहे का, हे जास्त महत्त्वाचं असतं.

नाणं, वजन आणि वादळाचा उजेड

हा जमाखर्च आजच्या काळात सर्वांत निगुतीने मांडणाऱ्या अद्भुतकथांमध्ये अमेरिकी लेखक ब्रँडन सँडरसन यांच्या ‘कॉस्मिअर’ या विश्वाचा क्रमांक वरचा आहे, म्हणून माझा मुख्य पुरावा तिथला आहे. २००५ च्या ‘एलँट्रिस’पासून त्यांच्या या विश्वातल्या कादंबऱ्या प्रसिद्ध व्हायला लागल्या. प्रत्येक मालिका वेगळ्या ग्रहावर घडते, प्रत्येक ग्रहाची जादू वेगळी, पण सगळ्या जादूंच्या मुळाशी असलेली शक्ती एकच. त्यामुळे इथे शक्तींची तुलना करता येते; वेगवेगळ्या लेखकांच्या नायकांना एकमेकांसमोर उभं करण्यासारखा हा पोरखेळ ठरत नाही. शिवाय हे विश्व हळूहळू अवकाशयुगाकडे सरकतं आहे. सँडरसन यांनी जादूविषयी काही नियमही लिहून ठेवले आहेत. पहिला असा की जादूने कथेतला पेच सोडवायचा असेल, तर ती जादू वाचकाला आधी तेवढी समजलेली असली पाहिजे. दुसरा असा की शक्तीपेक्षा तिच्या मर्यादा जास्त रंजक असतात. अवकाशप्रवास हा या दुसऱ्या नियमाचा सर्वांत कठोर पुरावा आहे, असं मला वाटतं.

२००६ पासून सुरू झालेल्या ‘मिस्टबॉर्न’ मालिकेतली ‘ॲलोमन्सी’ पाहू. इथली काही माणसं धातूचा कीस गिळतात आणि तो पोटात ‘जाळून’ शक्ती मिळवतात. पोलाद जाळणाऱ्याला आसपासचा धातू स्वतःपासून दूर ढकलता येतो. नायिका व्हिन रात्री शहरावरून उडते, ती याच शक्तीवर. ती एक नाणं खाली टाकते आणि त्याला ढकलते. नाणं फरसबंदीवर आदळून थांबतं, आता ते आणखी खाली जाऊ शकत नाही, म्हणून ढकलण्याचा सगळा जोर उलटून व्हिनला वर फेकतो. क्रिया आणि प्रतिक्रिया समान, हा न्यूटनचा तिसरा नियम इथे कथेच्या प्रत्येक उडीत पाळलेला आहे. आता हीच व्हिन पोकळीत आहे असं धरू. नाण्याच्या खाली फरसबंदी नाही. तिचं वजन ६० किलो आणि नाण्याचं १० ग्रॅम धरलं, तर ती सेकंदाला एक मीटर पुढे सरकावी म्हणून नाण्याला उलट दिशेने सेकंदाला सहा किलोमीटर वेगाने जावं लागेल. पृथ्वीभोवती फिरत राहण्यापुरता वेग, म्हणजे सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर, एका नाण्यावर मिळवायचा तर नाण्याचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढा हवा. एका नाण्याऐवजी हजारो नाणी एकामागून एक ढकलली, तर काम सोपं होईल; पण मग ते रॉकेटच झालं. कॉन्स्टान्टिन त्सिओलकोव्हस्की यांनी १९०३ साली मांडलेलं रॉकेटचं समीकरण तिलाही लागू पडेल. जमिनीवर व्हिनला उडवत होती ती निव्वळ तिची शक्ती नव्हती. पायाखालचा अख्खा ग्रह नाण्यामागे उभा होता.

त्याच ग्रहावरची दुसरी जादू, ‘फेरुकेमी’, झुंजीत पाहिली तर मिळमिळीत वाटते. यात बाहेरून काहीच मिळत नाही. आज स्वतःचं बळ, वजन किंवा जाग धातूत साठवायची, तेवढा वेळ अशक्त, हलकं किंवा पेंगुळलेलं राहायचं, आणि नंतर साठवलेलं वापरायचं. आपल्याकडच्या अष्टसिद्धींमध्ये लघिमा आणि गरिमा आहेत, तशीच ही क्षमता. फरक इतकाच की इथे हलकं होण्याचा आणि जड होण्याचा हिशेब कायम जुळवावा लागतो. पण अवकाशाच्या दृष्टीने पाहा. कोणतंही वाहन उचलायचं तर पहिला शत्रू वजन, आणि ही जादू नेमकी वजनालाच हात घालते. सँडरसन यांनी २०१६ च्या ‘द बँड्स ऑफ मॉर्निंग’ या कादंबरीत हे ओळखून वापरलं आहे. दक्षिणेकडून आलेल्या लोकांची हवाईजहाजं उडतात, तेव्हा आत बसलेल्या प्रत्येकाने अंगावर पदक घालून स्वतःचं वजन त्यात साठवत राहायचं असतं. अंगात उपजत शक्ती नसलेला माणूसही पदकामुळे हे करू शकतो. पूर्वी काही घराण्यांच्या रक्तात असलेली सिद्धी आता वस्तू होऊन कुणाच्याही हाती येते. झुंजीत दुय्यम ठरलेली शक्ती प्रवासात अशी पहिली आली.

तिसरं उदाहरण २०१० साली सुरू झालेल्या ‘स्टॉर्मलाइट’ मालिकेचं. रोशर नावाच्या ग्रहावरचे ‘विंडरनर’ गुरुत्वाची दिशा बदलू शकतात. आकाशाकडे ओढ लावली की माणूस आकाशाकडे ‘पडतो’. ही शक्ती व्हर्न यांच्या तोफेची अडचण मुळातूनच सोडवते. तोफ प्रवाशाला पाठीमागून ढकलते, म्हणून तो चिरडतो. गुरुत्व शरीराच्या कणाकणाला सारखंच ओढतं, म्हणून पडणाऱ्याला काही जाणवतही नाही. तर मग पृथ्वीच्या गुरुत्वाइतकी ओढ निम्मी वाट पुढच्या दिशेने आणि निम्मी वाट उलट दिशेने लावून प्रॉक्झिमा सेंटॉरीला निघायचं ठरवू. सापेक्षतेच्या नियमांनुसार प्रवाशाच्या घड्याळात साडेतीन वर्षं होतील, मागे राहिलेल्यांच्या घड्याळात जवळजवळ सहा. वाटेच्या मध्यावर वेग प्रकाशाच्या ९५ टक्के झालेला असेल. सगळं जमल्यासारखं वाटतं. आता ऊर्जा मोजू. ६० किलोच्या एका माणसाला तेवढा वेग द्यायला लागणारी ऊर्जा ढोबळमानाने भारतात वर्षभरात तयार होणाऱ्या सगळ्या विजेच्या दुपटीच्या घरात जाते, आणि पुढे त्याला थांबवायचं काम उरतंच. विंडरनरला ही ऊर्जा ‘स्टॉर्मलाइट’ नावाच्या उजेडातून मिळते. ग्रहावर दर काही दिवसांनी येणारी महावादळं रत्नांमध्ये हा उजेड भरतात, आणि माठातून पाणी झिरपावं तसा तो काही दिवसांत झिरपून जातो. अवकाशात वादळ नाही. त्याहून वाईट म्हणजे हा उजेड रोशरशी बांधलेला आहे. तो बाहेर नेता येत नाही. २०२० च्या ‘रिदम ऑफ वॉर’मध्ये एक गुप्त संघटना नेमक्या याच अडचणीवर उपाय शोधत असते. राजे आणि सरदार ग्रहाच्या मालकीसाठी लढत असताना या लोकांना ग्रह नको आहे. त्यांना हवा आहे रत्नातला उजेड परग्रही नेण्याचा मार्ग. अंतराचं महत्त्व त्यांना इतरांच्या आधी उमगलं आहे.

क्रमवारी उलटते ती अशी

भूमीला बांधलेल्या जादूचं टोकाचं उदाहरण ‘एलँट्रिस’मध्ये आहे. एलँट्रिस नगरीतले लोक हवेत बोटाने प्रकाशाच्या आकृत्या काढतात आणि त्या आकृत्या रोग बरे करतात, अन्न निर्माण करतात, माणसांना दूर नेऊन पोचवतात. कॉस्मिअरमधल्या सर्वांत समर्थ जादूंपैकी ही एक. पण कथा सुरू होते तेव्हा दहा वर्षांपासून ती बंद पडलेली आहे. कारण शोधता शोधता राजपुत्र राओडेनच्या लक्षात येतं की प्रत्येक आकृतीच्या मुळाशी त्या देशाचा नकाशा आहे. भूकंपाने जमिनीत मोठी भेग पडली, देशाचा आकार बदलला, आणि जुना नकाशा खोटा ठरला. आकृतीत भेगेची एक रेघ वाढवताच जादू परत चालू होते. मला हा या लेखकाच्या सगळ्या कल्पनांमधला सर्वांत विचार करायला लावणारा प्रसंग वाटतो. एवढी प्रचंड शक्ती, पण जमिनीतल्या एका भेगेने निकामी झाली. देशापासून दूर जावं तशी ती क्षीणही होत जाते. नगरीच्या वेशीवर देवासारखा असलेला माणूस दुसऱ्या ताऱ्याजवळ साधा माणूस उरतो.

याच्या अगदी उलट टोकाला २००९ च्या ‘वॉर्ब्रेकर’मधला ‘श्वास’ आहे. या ग्रहावर प्रत्येक माणूस जन्मतःच एक श्वास घेऊन येतो. एक श्वास म्हणजे जवळजवळ काहीच नाही. पुष्कळ साठवले तर निर्जीव वस्तूंना हुकूम देता येतात. ठरावीक शब्द उच्चारून तो दुसऱ्याला देता येतो आणि देणाऱ्याची संमती असल्याशिवाय काढून घेता येत नाही. त्याला वादळ लागत नाही, मायभूमी लागत नाही, तो झिरपतही नाही. या कादंबरीतली काही पात्रं पुढे रोशरवर दिसतात, ती उगाच नव्हे. पण जी शक्ती सहज नेता येते ती सहज विकताही येते. इथे मरणातून परतलेल्यांना देव मानतात. जिवंत राहायला त्यांना आठवड्याला एक श्वास लागतो आणि गरीब घरांमधून तो पैसे देऊन विकत घेतला जातो. विकणाऱ्याच्या डोळ्यांपुढचे रंग फिके होतात आणि त्याला उरलेलं आयुष्य तसंच काढावं लागतं. इथे कुणी तलवार उपसत नाही, तरी मला ही कॉस्मिअरमधली सर्वांत भयंकर देवघेव वाटते. जादू वाहून नेण्याजोगी झाली की ती बाजारात येते, आणि बाजारात आली की कोण विकतं आणि कोण विकत घेतं हा प्रश्न उभा राहतो.

हा प्रश्न ग्रहांच्या पातळीवर कसा दिसतो, ते २०१४ च्या ‘सिक्स्थ ऑफ द डस्क’ या दीर्घकथेत पाहायला मिळतं. डस्क हा एका जीवघेण्या बेटावर राहणारा पारधी. त्या बेटसमूहावर एक खास जातीचे पक्षी आहेत. डस्कच्या दोन पक्ष्यांपैकी एक त्याचं मन श्वापदांपासून लपवतो. दुसरा त्याला पुढच्या धोक्याच्या जागी त्याचंच प्रेत दाखवतो, म्हणजे तिथे पाऊल टाकायचं नाही. पक्ष्याच्या सोबतीने जंगलात जीव वाचवणं, एवढीच ही जादू. आकाशातून मात्र यानं घेऊन परके येतात आणि त्यांना हवे असतात हेच पक्षी. मागासलेल्या ग्रहांना प्रगत यंत्रं द्यायची नाहीत असा त्यांचा कायदा आहे, आणि त्यांनी ‘विसरून’ ठेवलेलं यंत्र म्हणजे तो कायदा टाळण्याचं आमिष असल्याचा संशय डस्कला येतो. ज्यांच्याकडे ताऱ्यांपर्यंत पोचण्याचं साधन आहे ते एका पारध्याच्या पाखरासाठी डाव टाकतात. कारण उघड आहे. पक्षी पिंजऱ्यात घालून नेता येतो, वाढवता येतो, कुणाच्याही खांद्यावर बसवता येतो.

सँडरसन यांच्या विश्वाबाहेर पाहिलं तरी हेच दिसतं. फ्रँक हर्बर्ट यांच्या १९६५ च्या ‘ड्यून’मध्ये अवकाशप्रवास ज्याच्यावर चालतो तो ‘मेलांज’ नावाचा मसाला जहाजाला वेग देत नाही. तो मार्गदर्शकाला भविष्याची चाहूल देतो, म्हणजे कोणत्या वाटेने गेलं तर जहाज फुटणार नाही हे आधी कळतं. विचार करणाऱ्या यंत्रांवर त्या विश्वात बंदी असल्यामुळे या चाहुलीला दुसरा पर्याय नाही. दरबारातला ज्योतिषी म्हणून हीच शक्ती ठेवली असती तर तिला मान मिळाला असता, साम्राज्य मिळालं नसतं. पण मसाला एकाच वाळवंटी ग्रहावर मिळतो आणि सगळ्या ताऱ्यांमधलं दळणवळण त्याच्यावर अवलंबून आहे. म्हणून त्या एका ग्रहासाठी सगळं साम्राज्य पेटतं.

आक्षेप आणि उत्तरं

या मांडणीवर पहिला आक्षेप असा येईल की मोजमाप लावलं की जादू जादू राहत नाही. अद्भुताचा प्राण त्याच्या अगम्यतेत असतो. रामायणातल्या पुष्पक विमानाला इंधन विचारायचं नसतं. ते मनाच्या इच्छेने चालतं आणि त्याचं तसं असणंच सुंदर आहे. हा आक्षेप मला मोलाचा वाटतो आणि पुष्पकापुरता तो खराही आहे, कारण रामायणात अंतर हा कथेचा पेच नाही. समुद्र ओलांडण्याचा पेच सेतूने सोडवला आहे, विमानाने नाही. पण मोजल्याने आश्चर्य मरतं, हे मात्र मला मान्य नाही. भागवतातली राजा ककुद्मीची कथा पाहा. मुलगी रेवती हिला योग्य वर कोण, हे विचारायला तो तिला घेऊन ब्रह्मलोकी जातो. तिथे गायन चालू असतं म्हणून थोडा वेळ थांबतो. मग ब्रह्मदेव हसून सांगतात की तू मनात धरलेले सगळे वर केव्हाच काळाआड गेले. दरम्यान सत्तावीस चतुर्युगं उलटली. या कथेत अंगावर काटा येतो तो नेमका आकड्याने. ‘पुष्कळ काळ गेला’ एवढंच म्हटलं असतं तर काही वाटलं नसतं.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. नियम लेखकानेच केलेले, तेव्हा गरज पडली की तो ते वाकवणार. मग या तुलनेला अर्थ काय? सँडरसन यांनीही अंतरावर एक तोड काढली आहे. त्यांच्या विश्वात जाणिवेचा एक वेगळा प्रदेश आहे. तिथे विचार करणारे जीव जितके, तितका विस्तार. म्हणून दोन ग्रहांमधली पोकळी, जिचा विचार करणारं कुणी नाही, तिथे आकसून जाते आणि माणूस एका ग्रहावरून दुसऱ्यावर पायी जाऊ शकतो. ही पळवाट नाही का? माझ्या मते नाही, कारण तिचीही किंमत ठरलेली आहे. त्या प्रदेशात शिरायच्या जागा मोजक्या आहेत. जिथे शक्ती अफाट प्रमाणात एकवटलेली असते तिथेच वाट उघडते. त्यामुळे अंतराची अडचण संपली असं होत नाही, ती नाक्यांची अडचण होते. नाक्यावर ज्याचा ताबा, त्याच्या हाती वाहतूक. लेखकाला नियम करण्याची मुभा आहे, पण केलेला नियम त्यालाही बांधतो. आणि तो मोडला तर ज्यांनी वादात तासन्‌तास घालवले ते वाचक पहिल्यांदा बोट ठेवतात.

तिसरा आक्षेप असा की कल्पित ऊर्जेचे हिशेब करून खऱ्या जगाला काय मिळणार? इतिहास याचं उत्तर देतो. कार्ल सेगन यांना १९८५ च्या ‘काँटॅक्ट’ या कादंबरीसाठी ताऱ्यांपर्यंत पोचण्याची पटेल अशी वाट हवी होती. त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांना विचारलं, आणि त्या विचारातून थॉर्न आणि मायकेल मॉरिस यांचा अवकाशातल्या ‘वर्महोल’वरचा १९८८ चा शोधनिबंध निघाला. १९९४ साली मिगेल अल्कुबिएरे यांनी अवकाश पुढे आकसवून आणि मागे पसरवून प्रवास करण्याची गणिती शक्यता मांडली, तेव्हा विज्ञानकथांमधल्या ‘वॉर्प’ या कल्पनेचा उल्लेख त्यांनी निबंधातच केला. या दोन्ही वाटांना ऋण ऊर्जेसारखी असाधारण गोष्ट लागते आणि ती लागेल तेवढी मिळवायची कशी हे कुणालाच ठाऊक नाही. तरीही प्रश्न नेमका झाला, आणि प्रश्न नेमका होणं हे विज्ञानात अर्धं काम असतं. केप्लर यांच्या भुतांनीही हेच केलं होतं.

म्हणून शक्तींची तुलना जरूर करावी, पण कोण कुणाला हरवेल या प्रश्नावर थांबू नये. शक्तीचा आधार कोणता, तिचं बळ सोबत नेता येतं का आणि ती दुसऱ्याच्या हाती देता येते का, हे विचारावं. या प्रश्नांपुढे एलँट्रिसची नगरी मागे पडते आणि पारध्याचा पक्षी पुढे येतो. आपल्या जगातही ताकदीचा इतिहास असाच घडला आहे. मिरीचा दाणा तलवारीला हरवू शकत नाही, पण तो टिकतो, जहाजात भरता येतो आणि कुठेही विकला जातो, म्हणून १४९८ साली वास्को द गामा आफ्रिकेला वळसा घालून कालिकतला पोचला आणि त्यानंतर बारा वर्षांनी पोर्तुगिजांनी गोवा घेतला. चांगली अद्भुतकथा अवकाशात निघते तेव्हा तिच्या हाती हीच समज असते. वाहून नेता येणारी शक्ती कुणाच्या तरी मालकीची होणार, आणि ती कुणाच्या मालकीची व्हावी याचा निर्णय ती शक्ती जन्माला घालणाऱ्या भूमीतल्या माणसांनी वेळेवर केला नाही, तर तो दुरून आलेले करतात. डस्कला हे यंत्र उघडण्याआधी सुचलं. जादूची खरी परीक्षा तिच्या तेजावर ठरत नाही; दूर जाताना ती कोणाला बळ देते आणि कोणाचं बळ काढून घेते, यावर ठरते.